गिरकी : मिनिटाला एकशे अठरा ठोके

३, सोमवार

कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं आणि घरात मी एकटी, म्हणून ही वही काढली.

सकाळी रिंकवाल्याने बोलावून घेतलं. स्केट भाड्याने देतात त्या काउंटरमागे त्याची खोली आहे, चाकांच्या तेलाचा आणि दमट मोज्यांचा वास येतो ती. बसा म्हणाला नाही. म्हणाला, "मॅडम, कीबोर्ड आता पुरे. लोकांना गाण्याला गाणं जोडून हवंय, मध्ये खंड नको. लॅपटॉपवर करतात तसं. तुम्ही शिकून घ्या, नाहीतर..." आणि पुढचं वाक्य हा माणूस माझ्याशी न बोलता हातातल्या बुटाशी बोलला, "नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

पंचवीस वर्षं वाजवतेय मी त्या रिंकवर! अकरा वर्षं बँडबरोबर आणि नंतरची चौदा एकटी. उद्घाटनाच्या दिवसापासून मी आहे. तेव्हा याला स्वतःला स्केटवर धड उभं राहता येत नव्हतं, कठड्याला धरून फीत कापली होती.

मुदत एकोणतीसपर्यंत. त्या शनिवारी दुपारी रिंकच्या पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आहे. आणि वर दात काढून सांगतो, "उद्घाटनाच्या दिवशीचं तुमच्या बँडचं रेकॉर्डिंग सापडलंय, त्यात ती 'गिरकी' आहे. ती नव्या गाण्यात मिसळून वाजवायची. जुनी माणसं खूश होतील."

'गिरकी' ही माझी धून. कीबोर्डवर मी आणि ड्रमवर धाकटा. धाकटा म्हणजे माझा भाऊ, ज्याच्याशी मी चौदा वर्षं एक शब्द बोललेले नाही.

मीही खूश होईन असं वाटलं की काय त्याला? घरी येऊन पातेलं आपटलं. पातेल्याचा कान निखळला.

६, गुरुवार

भाची लॅपटॉप घेऊन आली. धाकट्याची मुलगी. भावाशी बोलत नाही म्हणून भाचीशीही अबोला धरावा एवढी मी खुळी नाही. ती एका जिममध्ये व्यायामाचे वर्ग घेते आणि दिवसभर याच सॉफ्टवेअरवर गाण्याला गाणं जोडत असते.

लॅपटॉपला एक चपटी पेटी जोडली. तिच्यावर दोन गोल चकत्या आणि वेग कमी-जास्त करायच्या दोन सरकपट्ट्या. डाव्या चकतीवर एक गाणं, उजव्या चकतीवर दुसरं. पडद्यावर गाण्याचं चित्र सरकत जातं आणि त्या चित्रावर सारख्या अंतराने उभ्या रेघा असतात.

"याला ग्रिड म्हणतात, आत्या. प्रत्येक ठोक्याला एक रेघ. मशीन गाणं ऐकतं आणि आपणच रेघा मारतं. मग हे सिंकचं बटण दाबलं की एका गाण्याच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांवर बसतात. वेग आपोआप सारखा."

"म्हणजे कानाला काम नाही."

"कमी."

"मग मलाच कशाला, एखादा बहिरा बसवा म्हणावं."

"आत्या, दाब तरी."

दाबलं. दोन गाणी एकमेकांत अशी गेली की जोड कुठे आहे ते कळेना. मला इतकी चीड आली! जे कानाने करायला माझी उमर गेली ते या बटणाने चुटकीसरशी केलं, आणि वर एक हिरवा दिवा लावून दाखवला.

कधी मशीनला वेग ओळखता आला नाही तर आपण बोटाने ठोके द्यायचे असतात, त्याचं वेगळं बटण आहे. एकशे अठराच्या गाण्याला मी ठोके दिले. पडद्यावर ११८, ११९, १२१, १२३. भाचीने दिले. ११८, ११८, ११८.

"तुझा हात सरावलाय बटणाला," मी म्हटलं. ती पिशवीत वायर शोधायला लागली.

लॅपटॉप आणि पेटी माझ्याकडेच ठेवली. जाताना दारात बूट घालता घालता म्हणाली, "बाबा तीसला जातायत. लिफ्टची दुरुस्ती शिकवायची नोकरी मिळाली आहे, खूप लांब, दीड दिवसाचा प्रवास आहे. घर सोडलंय. आता परत यायचं नाही म्हणतात."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "मला काय सांगतेस?"

७, शुक्रवार

जाऊ दे म्हटलं खरं, पण काल सगळी संध्याकाळ डोक्यात तेच. एकदा लिहून टाकते म्हणजे डोकं रिकामं होईल.

तो रेंगाळायचा. मी सोलोत रंगात आले की शेवटी शेवटी मला मागे ओढायचा, कुणी बाही धरून ठेवावी तसा. दर कार्यक्रमात! मी सांगितलं, मी ओरडले, हा नुसती मान हलवायचा. एका शनिवारी भर रिंकवर माझा तोल गेला. माईक तोंडासमोरच होता. मी म्हटलं, "ज्याला ताल धरता येत नाही त्याने लिफ्टच दुरुस्त कराव्यात!" दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अख्खं रिंक हसलं. मीही हसले. धाकट्याने काठ्या खिशात घातल्या आणि निघून गेला. त्याच आठवड्यात ड्रम विकून टाकले आणि तेव्हापासून खरोखरच फक्त लिफ्ट दुरुस्त करतो.

शब्द लागट होते, मान्य. पण खोटे नव्हते. जायच्या आधी एवढंच मला त्याच्या तोंडून ऐकायचंय : ताई, तू म्हणालीस ते खरं होतं. एकदा तेवढं म्हण आणि खुशाल जा कुठे जायचंय तिथे. मग मीही म्हणेन, बाबा रे, बोलले ते जरा जास्तच बोलले. पण आधी त्याने म्हणायचं.

९, रविवार

सापडला! आज मी घरात एकटीने टाळ्या पिटल्या.

रेकॉर्डिंग लॅपटॉपवर चढवलं. त्या वेळच्या साउंडवाल्याने दोनच माईक लावले होते, त्यामुळे हेडफोनमध्ये डाव्या कानाला ड्रम आणि उजव्या कानाला माझा कीबोर्ड येतो. 'गिरकी'ची सुरुवात नुसत्या ड्रमची आहे, चार ठोक्यांचा एक बार असे बत्तीस बार. मग मी येते. एका चकतीवर 'गिरकी', दुसरीवर एक नवं गाणं, दोन्ही एकशे अठरा. सिंक दाबलं. पहिलं मिनिटभर मस्त चाललं. तिथे नुसता ड्रमच आहे, त्यात काय चुकणार म्हणा. पण मी वाजवायला लागले आणि झालं! दोन्हीचे ठोके एकमेकांवर आपटायला लागले, जिन्यावरून भांडी घरंगळावीत तसे.

माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल? मी लगेच भाचीला फोन लावला. "मशीनसुद्धा सांगतंय. तुझा बाप ताल सोडतो."

ती म्हणाली, "मशीन अख्ख्या धुनेला एकच मोजपट्टी लावतं ना, आत्या. माणूस वाजवतो तेव्हा वेग थोडा हलतोच. तिथे रेघा हाताने बसवायच्या असतात. तू असं कर, दर चार बारांना एक खूण कर आणि तिथला वेग लिहून काढ."

"काढतेच. लेखी पुरावा होईल."

"हो. आणि खुणा डाव्या कानाने कर. ड्रमवर."

"अगं, मला शिकवतेस?"

१२, बुधवार

दुपारी रिंकवर कीबोर्डच वाजवला, अजून सतरा दिवस आहेत माझे. स्केटिंग शिकवणारी बाई पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आली आणि म्हणते, "लॅपटॉप येतोय ते एका अर्थी बरंच झालं हो मॅडम. तुमचा सोलो आला की माझे नवशिके धडाधड पडतात."

मी म्हटलं, "नवशिके आहेत, पडणारच. तुम्ही शिकवता काय?"

"एरवी नाही पडत," म्हणाली आणि गेली. उद्धट कुठली! हिला मी कधी म्हटलंय का, तुमची शिट्टी बेसूर आहे म्हणून?

मी भरधाव वाजवत असते तर गोष्ट वेगळी. पण माझ्या कीबोर्डमधला तयार तालसुद्धा रेंगाळतो. नव्वदवर लावला तर मला तो ब्याण्णव करावा लागतो, थोड्या वेळाने पंचाण्णव. हल्ली कुणी काही धड बनवतच नाही.

१५, शनिवार

सकाळी आठला बसले ते जेवायला उठले नाही. खुणा करून झाल्या. वेग इथे उतरवून ठेवते.

बार एक ते बत्तीस, नुसता ड्रम : ११८. एकदाही ११७ नाही, एकदाही ११९ नाही. म्हणजे मनात आणलं तर जमायचं त्याला! हे तर जास्तच संताप आणणारं आहे.

बार तेहेतीस, मी आले : ११८. सदतीस : ११९. एकेचाळीस : १२१. पंचेचाळीस : १२४. म्हणजे नेमका माझा सोलो सुरू झाला की हा पळायला लागतो. का? कारण लोक माझ्याकडे बघतायत. जळायचा, दुसरं काय.

बार पासष्ट, इथे दर दोन बारांना खूण केली, मी अजून ऐन रंगात वाजवतेय, आणि हा : १२३. मग १२२. मग १२०. आठ बारांत हळूहळू परत ११८. हेच! हेच ते ओढणं! पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी केलं होतं, आणि मी म्हणत होते तेव्हा कुणाला पटत नव्हतं.

बाकीच्या दोन धुनाही तपासल्या. तिथेही माझ्याच सोलोत. एकदाही माझ्या सोलोबाहेर नाही. इतका ठरवून केलेला दुष्टपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

सगळे आकडे एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले. तीसच्या आत त्याच्या हातात ठेवणार.

१७, सोमवार

भाची आली. कागद तिला दाखवला. तिने तो फार वेळ हातात धरला. मला वाटलं बापाची लाज वाटतेय, म्हणून मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तर म्हणाली, "आत्या, एक लूप लावून देऊ?" लूप म्हणजे धुनेचा हवा तेवढा तुकडा धरायचा आणि तो गोल गोल फिरत राहतो, आपण सोडेपर्यंत. तिने सदतीस ते चाळीस, चारच बार धरले. "हेडफोन दोन्ही कानांना लाव. आता सांग, कोण आधी येतंय?"

मी ड्रमवरच कान ठेवला. "बघ! उशिरा येतोय."

"कुणापेक्षा?"

"माझ्यापेक्षा!"

"बरं," ती म्हणाली. चहा अर्धा टाकून बूट घातले आणि गेली. लूप चालूच ठेवून गेली. एक काम धड पुरं करत नाही ही पोरगी.

१८, मंगळवार

सकाळपासून तो लूप फिरतोय. चाळीस वेळा ऐकला असेन. साठ वेळा.

पहिल्या बारात मी त्याच्या पुढे आहे, अगदी केसभर. दुसऱ्यात आणखी पुढे. तिसऱ्यात तो वेग वाढवून मागून येतो. चौथ्यात दोघं बरोबर. आणि लगेच मी पुन्हा पुढे.

उजवा कान काढला, नुसता ड्रम ऐकला. घाईचं काही कारणच नाही त्याला तिथे. कुणीतरी पुढे पळतंय म्हणून निघालेला माणूस आहे तो.

ठोक्यांचं बटण दाबून पाहिलं. शांतपणे, श्वास मोजून. ११८, ११९, १२१, १२३.

मशीन मोडकं आहे. झाकण आपटून बंद केलं.

२०, गुरुवार

मशीन मोडकं नाही.

भाचीला फोन केला. "कार्टे, तुला माहीत होतं?"

"बाबांचा पाय घरात अजून टेबलाखाली वाजत असतो, आत्या. त्यावर मी जिममधलं घड्याळ लावून घेऊ शकेन. मला लहानपणापासून माहीत आहे."

"मग सरळ सांगितलं का नाहीस? मला पंधरा दिवस नाचवलंस!"

"मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

फोन ठेवून दिला. आधी मला तिचा राग आला, मग त्या साउंडवाल्याचा, ज्याने दोन कानांत दोघांना वेगळं केलं. मग त्या स्केटिंगवाल्या बाईचा. मग राग येण्यासारखं आणखी कुणी उरलं नाही, तेव्हा तो कागद टराटरा फाडला. संध्याकाळी चिकटपट्टीने परत चिकटवला. आकडे बरोबर आहेत त्यातले. मीच उलटे वाचले होते.

चौदा वर्षं. मी सगळ्यांना सांगत फिरले. दर ओळखीच्याला, दर अनोळख्याला. वाण्याला सांगितलंय मी, की माझ्या भावाला ताल नाही म्हणून.

२२, शनिवार

रिंकवर सराव केला. रिंकवाला कठड्याला रेलून ऐकत होता. "मध्येच हे धावतं कशाला? लोक पडतील ना. सरळ करता येत नाही?"

येतं. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या सगळ्या खुणा निवडायच्या, एकशे अठरा हा आकडा घालायचा, मशीन धून कुठे ताणतं, कुठे आवळतं, आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटापर्यंत एकच वेग. मग सिंक दाबून आपण हाताची घडी घालून उभं राहायचं.

केलं. इस्त्री फिरवल्यासारखं झालं सगळं. आता कुणीही म्हणणार नाही की मी पळत होते. आणि धाकटा धापा टाकत माझ्यामागे येत होता, हेही कुणाला कळणार नाही. आमच्यात काही झालंच नव्हतं असं ते ऐकू येतं. सोलो माझाच, सगळे सूर जागच्या जागी, आणि ऐकताना मला जांभई आली.

खोटं कशाला लिहू? ते रूप मी पुसलं नाही. जपून ठेवलं, मूळच्या शेजारी. मोह आहेच.

२६, बुधवार

धाकट्याकडे गेले.

तिसरा मजला आणि लिफ्ट बंद! लिफ्टवाल्याच्या घरची लिफ्ट बंद. जिना चढताना त्यासाठीही त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, म्हणजे बाकीचं आठवायला नको.

दार त्यानेच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. "ये," म्हणाला. चौदा वर्षांनी नुसतं "ये", जणू मी कोपऱ्यावरून साखर घेऊन आले होते. खोलीभर खोके. तो त्यांना चिकटपट्टी लावत होता. मी बसले नाही, पर्समधून कागद काढून त्याच्या पुढ्यात धरला. "हे वाच."

त्याने चष्मा लावून सगळे आकडे वाचले. कसले आहेत ते सांगावंच लागलं नाही. "पंचेचाळीसला एकशे चोवीस?" म्हणाला. "मला सव्वीस वाटायचं."

"तुला माहीत होतं?"

"ड्रमवर मी बसलो होतो, ताई."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "मग बोलला का नाहीस, गाढवा? अकरा वर्षं मी रेंगाळतोस, रेंगाळतोस म्हणून कोकलत होते आणि तू माना डोलावत होतास! एकदा म्हणायचंस, ताई, हळू. दोन शब्द! तोंड शिवलं होतं का?"

"पहिल्या वर्षी म्हणणार होतो." त्याने पट्टीचं टोक नखाने शोधलं. "पण तू पळायला लागलीस ना, की जे वाजवायचीस ते एरवी वाजवायची नाहीस. अडवलं असतं तर तेही गेलं असतं. म्हटलं जाऊ दे तिला, आपण मागोमाग जाऊ. शेवटी जागेवर आणून सोडलं की झालं."

जागेवर आणून सोडायचा. त्यालाच मी ओढणं म्हणत होते.

"आणि मी माईकवर जे..."

"हं."

"सगळे हसले."

"सगळ्यांचं काही नाही गं," म्हणाला. "तू हसलीस." आणि पट्टी दातांनी तोडली.

हीच वेळ होती. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. त्याऐवजी म्हटलं, "शनिवारी रिंकवर ये. तीन वाजता."

"बघतो. सामान खूप आहे."

मला वाटलं होतं, ये म्हटल्यावर हो म्हणेल. त्या 'बघतो'चा असा राग आला की दारातून मागे वळून मी म्हटलं, "आधी ती लिफ्ट तरी दुरुस्त कर!"

लिफ्ट! पुन्हा लिफ्ट! चौदा वर्षांनी गेले आणि निघताना तेच तोंडातून काढलं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसले आणि स्वतःच्या कपाळावर दोन हाणून घेतल्या.

२८, शुक्रवार

भाचीला विचारलं, बाबा येणार आहेत का. म्हणाली, काही बोलले नाहीत, खोके मोजतायत.

२९, शनिवार

घरी आले, चप्पलही काढलेली नाही, आधी हे लिहिते.

दुपारी रिंक तुडुंब होतं. जुनी माणसं गुडघ्यांना पट्ट्या बांधून आली होती. भाची माझ्या शेजारी. रिंकवाला दर पाच मिनिटांनी येऊन, "ते सरळ केलेलंच लावा हं मॅडम, ते सरळवालं," म्हणून कानाशी भुणभुण करत होता. तासभर मी सिंक दाबून नवी गाणी लावली. हिरवा दिवा लागायचा, गाणी जुळायची, कुणी पडत नव्हतं. मी कठड्याभोवती तोंडं शोधत होते. धाकटा नव्हता.

तीन वाजले. सव्वातीन. रिंकवाला म्हणाला, "लावा." पडद्यावर दोन्ही एकाखाली एक होत्या, सरळ केलेली आणि वेडीवाकडी. मी वेडीवाकडी उचलून डाव्या चकतीवर टाकली. उजवीकडे नवं गाणं. आणि सिंक बंद केलं.

"आत्या, सिंकशिवाय?" भाची म्हणाली.

"गप्प बैस."

माईक ओढला. म्हटलं, "चौदा वर्षांपूर्वी या माईकवर मी माझ्या भावाला बोलले होते. ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. तुम्ही हसला होता. ते खोटं होतं. ताल सोडणारी मी होते. तो मला सांभाळत होता. तेव्हा मी हसायला नको होतं. चुकलं माझं. आता 'गिरकी' वाजेल, ड्रमवर तो आहे." तो तिथे नसताना बोलले. म्हटलं, निदान भिंतींनी तरी ऐकावं, त्यांनी ते पहिलं ऐकलंय.

रिंकवाल्याने डोक्याला हात लावला. मी धून सोडली.

बत्तीस बार काही करावं लागलं नाही. मग मी आले, ती पंचवीस वर्षांपूर्वीची मी, आणि सुटली. आता उजव्या गाण्याला तिच्यामागे न्यायचं होतं, हाताने, वेगाची पट्टी केसाकेसाने सरकवत. ११९. १२१. जरा मागे पडलं की ठोके आपटतात, जरा पुढे गेलं तरी आपटतात. आणि ती बया कुठे वळेल याचा भरवसा नाही! मला तिचा असा संताप आला, थांब की जरा, बघ की मागे, कुणीतरी येतंय तुझ्यामागे! मनगटात कळ आली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्याने अकरा वर्षं केलं हे, घाम पुसायला हात मोकळा नसताना.

"ताई, हळू."

डाव्या कानाशी. वळून बघायची गरज नव्हती. मी पडद्याकडे बघितलं. ती जुनी मी १२४ वर होती. आणि माझा हात १२७ वर गेलेला. मी स्वतःच्याही पुढे पळाले होते.

"मी हळूच आहे!" मी ओरडले. माईक चालू होता. अख्खं रिंक हसलं.

या वेळी तोही हसला. मी नाही हसले, मला काही दिसतच नव्हतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पट्टी मागे घेतली. त्याने माझ्या टेबलाच्या कडेवर दोन बोटं वाजवायला सुरुवात केली, हलकी, घाई नसलेली. पासष्टाव्या बारापासून मी पडदा सोडून त्या बोटांकडे बघून पट्टी खाली आणली. १२३. १२२. १२०. आठ बारांत एकशे अठरा. दोन्ही गाणी जागेवर. भाचीने सांगितलं, या वेळी नवशिक्यांत एकच पडला, आणि तोही आमच्याकडे बघत होता म्हणून.

चुकलं म्हटलेलं त्याने ऐकलं की नाही, मी विचारलं नाही. तो म्हणाला, "मी तीनलाच आलो होतो. खांबामागे उभा होतो." मग स्वतःच म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त केली काल." या माणसाला एखाद दिवस धोपटलं पाहिजे.

उद्या सकाळी साडेसातची गाडी आहे त्याची. स्टेशनवर येते म्हटलं तर म्हणाला, साडेसहाला निघालीस तरी पोचतेस, घाई करू नकोस.

मी पाचलाच निघणार.